जीवनरावांचा व्हॉल्व्ह

जीवनरावांना जगात एकाच कारागिराचं कौतुक होतं, आणि तो कारागीर म्हणजे ते स्वतः. नाशिकला दारात उभ्या केलेल्या जुन्या टेम्पो ट्रॅव्हलरचं त्यांनी फिरतं घर केलं होतं. आत पलंग, ओटा आणि चक्क संडास.

गुहागरहून परतताना गाडी घोटीजवळ सासुरवाडीला थांबली, तेव्हा मैल्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह ठिबकताना दिसला. तेही सासूबाईंच्या तुळशीसमोर. नवा व्हॉल्व्ह जवळ होताच. "चहा उकळेपर्यंत बसवतो," असं बायकोला, प्रतिभाला सांगून ते पान्हा घेऊन गाडीखाली सरकले.

टाकी रिकामी आहे याची त्यांना खात्री होती. शहापूरच्या पंपावर त्यांनी "टाकी झाली का?" असं विचारलं होतं आणि प्रतिभा "झाली" म्हणाली होती. ती डिझेलबद्दल बोलत होती.

शेवटचा बोल्ट निघाला आणि जीवनराव थक्क झाले. दोन साधी, बेताचं जेवणारी माणसं! त्यांच्याकडून कोकणात एवढं घडलं? आश्चर्य आवरून त्यांनी दोन्ही तळवे भोकावर दाबले. आता हात काढता येईना आणि सासुरवाडीत ओरडताही येईना. ते हळूच प्रतिभाला हाका मारत राहिले. स्वयंपाकघरात मिक्सर चालू होता.

तेवढ्यात सासूबाई, म्हणजे नवसाबाई, शेजारणींना गाडी दाखवायला घेऊन आल्या. एकेक जण आत चढली तशी गाडी खाली बसत जीवनरावांच्या नाकाला टेकायला आली. नवसाबाई जावयाची करणी रंगवून सांगत होत्या. त्यांच्यातल्या भागीबाईंनी विचारलं, संडासातलं पाणी जातं कुठं? नवसाबाई घाईनं पलंगाची गादी दाखवू लागल्या.

तेव्हा पायाखालून एक गंभीर, कोंडलेला आवाज आला, "खाली. कृपा करून कशाला हात लावू नका."

भागीबाईंनी हात जोडले. "नवसा, गाडी बोलती," त्या पुटपुटल्या आणि तोल सावरायला मागं टेकल्या. मागं फ्लशचं बटण होतं.

वरून आलेल्या त्या लोंढ्यापुढं तळव्यांनी हार मानली. प्रतिभा धावत आली तेव्हा टाकी पूर्ण रिकामी झाली होती आणि जीवनराव पूर्ण भरले होते. कुणी हसलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

विहिरीवरच्या मोटारीच्या पाइपाखाली आंघोळ करून ते पुन्हा गाडीखाली शिरले आणि नवा व्हॉल्व्ह बसवला. त्यातून थेंबही गळत नव्हता. कुणीतरी तो बघेल म्हणून ते बाजूला उभे राहिले.

भागीबाई व्हॉल्व्हकडे नाही, अंगणाकडे बघत होत्या. हे सगळं कुठनं आणलं, असं त्यांनी विचारलं. प्रतिभानं मान खाली घालून गुहागरचं नाव सांगितलं.

भागीबाईंनी जीवनरावांकडे पाहिलं. इतका आदर त्यांना या सासुरवाडीत कधीच मिळाला नव्हता.

"एवढा कसारा घाट चढून आणलं? लय जपलं हो, जावईबापू."