एक लाभार्थी, एक आजार

कशेळीच्या आक्काला अकरा वर्षांत सात मुतखडे झाले, त्यामुळे तिच्या ताटावर अख्ख्या गावाचा ताबा होता. खडा म्हणजे कॅल्शियम, असं कुणीतरी सांगितलं आणि दूध, दही, सुकट सगळं बंद झालं. निजामपुऱ्याचे डॉक्टर मात्र भलतंच बोलले. "आक्का, सारखे खडे होणाऱ्यांची हाडं ठिसूळ होऊ शकतात. दूध घ्या, हाडं तपासा, मगच नाचा."

नाचायचं होतं उन्नतीच्या हळदीत. नातीच्या हळदीत नाचायचं न्हाय तर जगायचं कशाला, असं आक्काचं साधं म्हणणं.

त्याच आठवड्यात, २००६च्या मे महिन्यात, एका रिकाम्या गोदामात मोफत हाड तपासणी शिबिर भरलं. यंत्रात टाच ठेवायची, हाडाची ताकद कळते. टेबलामागे नोंदणी अधिकारी काळूराम बसले होते.

"आजी, मुतखडा आहे?"

"हाय ना! सात झालं."

"मग तुम्ही बाद. जिच्या पोटात दगड तयार होतात, तिला हाडाची काय कमी?"

आक्कानं डॉक्टरांची चिठ्ठी पुढे केली. काळूरामांनी ती आदरानं वाचली आणि आदरानं परत दिली. "मुतखड्याचं शिबिर मार्चमध्ये झालं. एक लाभार्थी, एक आजार. एका माणसाला दोन रोग नियमात बसत नाहीत."

"मंग कंचा रोग सोडू, साहेब?"

काळूराम विचारात पडले. शंभर तपासण्यांचं उद्दिष्ट होतं, नव्याण्णव झाल्या होत्या आणि शिबिराच्या प्रमुख पाहुण्यांची गाडी जवळच मानकोलीपर्यंत आली होती. "असं करा," ते म्हणाले, "नाव आजींचंच राहू द्या. यंत्राला फक्त टाच लागते. मुतखडा नसलेली टाच द्या."

आक्कासोबत आलेला नातू प्रितेश बावीस वर्षांचा, रोज जोर-बैठका काढणारा. त्यानं बूट काढला. अहवाल आला: 'आक्का, वय बासष्ट, हाडे उत्तम.' खाली सही, शिक्का.

आता गंमत बघा. टाच प्रितेशची, तरी संध्याकाळपर्यंत त्याचाही विश्वास बसला. "आजी, रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग टेन्शन कसलं?" सून विनितानं दुधाचा पेला उचलून नेला. "हाडं चांगली हायेत, मंग दूध कशाला? उगाच खडा व्हायचा." आक्कानं मनगट ठणकतं म्हणावं, तर सगळे शिक्का दाखवत. बिचारी आक्का! शेवटी तीही आपल्या मनगटापेक्षा कागदावर विसंबली.

हळदीत ती झकास नाचली. तिसऱ्या गाण्याला पाय घसरला, तिनं हात टेकला आणि मनगट मोडलं.

डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला, हाडं ठिसूळ झाली होती. प्रितेशनं अहवाल पुढे सरकवला. "डॉक्टर, तुमचा फोटो चुकलाय. आमच्याकडे शिक्का आहे."

डॉक्टरांनी अहवाल वाचला. "ही टाच कुणाची?"

प्रितेश छताकडे बघू लागला. आक्काच म्हणाली, "त्याला कशाला बोलता? मलाच ते खरं वाटलं. लय बरं वाटलं हो, चार दिवस."

हसलात? हसा. पण नोकरीच्या फायलीत 'प्रकृती सुदृढ' म्हणून तुमचं जे सर्टिफिकेट लावलंय, ते लिहिणाऱ्या डॉक्टरनं तुमचं तोंड तरी पाहिलं होतं का?