गचका प्रथम केव्हा जाणवला

दोष हा मुळात लाजाळू प्राणी आहे. घरच्या माणसांसमोर तो हातपाय पसरून वावरतो, पण जाणकार समोर आला की अंग चोरून बसतो. दातांच्या डॉक्टरांना हे पंचवीस वर्षांच्या अनुभवाने ठाऊक होतं. दोन दिवस गाल धरून बसलेला पेशंट त्यांच्या खुर्चीत टेकला, की म्हणायचा, 'आता नाही दुखत.' डॉक्टर 'दुखेल तेव्हा या' असं सांगून पुढच्याला बोलवत. त्यामुळे स्वतःच्या गाडीच्या गिअरबॉक्सचं दुखणं घेऊन सर्व्हिस सेंटरात जायची वेळ आली, तेव्हा तिथली रीत आपल्याला जड जाणार नाही असं त्यांना वाटलं.

दुखणं साधंच होतं. गाडी आपोआप गिअर बदलणारी. सपाटीवर लोण्यासारखी चालायची. चढावर मात्र दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन नुसतंच ओरडायचं, गाडी क्षणभर विचारात पडायची आणि मग असा गचका द्यायची की मागच्या सीटवरची छत्री पुढे यायची. डॉक्टरांच्या सासूबाई टेकडीपलीकडे राहत. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन सतरा तारखेला ठरलं होतं, आणि नंतर डोक्याला हिसका बसता कामा नये असं डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. वॉरंटी पंधरा तारखेला संपत होती. आज दोन तारीख होती.

"गाडी नीट झाली तरच आईला तिच्यात बसवीन," बायको म्हणाली. ती फार बोलणाऱ्यांतली नव्हती.

सर्व्हिस सेंटरबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही. फरशी अशी की डॉक्टरांच्या दवाखान्याने लाजावं. कॉफी फुकट. माणसं अदबशीर. नियमही एकच: दोष तिथल्या सल्लागाराने स्वतः अनुभवला पाहिजे, गाडीत बसून, कामाच्या वेळेत, सेंटरने ठरवलेल्या रस्त्यावर. हा रस्ता सातशे मीटरचा आणि सपाट होता. (चढ का नाही, असं विचारल्यावर कळलं, की चढावर गाडीला त्रास होतो.)

सल्लागार हे टापटीप, मऊ बोलणारे, पन्नाशीचे गृहस्थ होते. खिशाला दोन पेनं. फॉर्मवर 'दोष' असा रकानाच नव्हता. 'ग्राहकाच्या मते' असा होता. सल्लागारांनी त्यात 'गचका' लिहिलं, सातशे मीटर जाऊन आले आणि खाली शिक्का मारला: दोष आढळला नाही.

"पण तो आहे हो," डॉक्टर म्हणाले.

"असेल ना साहेब. असण्याला आमची हरकत नाही. आढळला नाही, एवढंच."

वेटिंग रूममध्ये बसून बसून डॉक्टरांनी एक पाहणी केली. एकवीस मालकांपैकी एकोणीस जणांच्या गाड्यांत दोष आढळला नव्हता. विसाव्याची गाडी टोचन लावून आणली होती; ती चालतच नसल्यामुळे तिची टेस्ट ड्राइव्ह होईना, आणि टेस्ट ड्राइव्हशिवाय दोष कसा आढळणार? एकविसावा नुसता कॉफी प्यायला यायचा. या मंडळींत शिंपीकाका सगळ्यांत जुने. त्यांची इथली अकरावी खेप होती, आणि कोपऱ्यातली खुर्ची त्यांच्यासाठी मोकळी ठेवली जाई.

"डॉक्टर, थंड गाडी आणू नका," काकांनी कानमंत्र दिला. "टेकडी चारदा चढवायची, चांगली चिडवायची आणि तश्शी दारात उभी करायची. माझी चौथ्या खेपेला बोलली होती."

"मग?"

"त्या दिवशी साहेब रजेवर होते."

सात तारखेला डॉक्टरांनी गाडी चिडवून आणली. दारात येताच ती गोगलगाय झाली. या वेळी मात्र निदान झालं: गाडी चालवण्याची सवय. म्हणजे गाडी निर्दोष, चालक सदोष. आणि वॉरंटी चालकाला लागू नव्हती. तरीही माणुसकी म्हणून सेंटरने डॉक्टरांना पाय पॅडलवर कसा ठेवावा यावर चाळीस मिनिटांची फिल्म दाखवली आणि प्रमाणपत्र दिलं. डॉक्टरांनी ते दवाखान्यात डिग्रीशेजारी लावलं. काय करणार, चौकट सुंदर होती.

अकरा तारखेला, डॉक्टरांनी विशेष अर्ज केल्यावर, सल्लागार टेकडीवर यायला तयार झाले. ते शेजारी बसले आणि गाडी माहेरी निघाल्यासारखी चढली. माथ्याजवळ ते किलोमीटर नोंदवून, फोन घ्यायला खाली उतरले. डॉक्टरांनी गाडी थोडी मागे नेऊन पुन्हा वेगात चढावर घेतली मात्र, त्यांच्याजवळून जाताना असा गचका बसला की चाकाखालची खडी उडून सल्लागारांच्या बुटावर पडली.

"पाहिलात?" डॉक्टरांनी काच खाली करून विचारलं.

"पाहिला," सल्लागार बूट झटकत म्हणाले. "अनुभवला नाही."

चौदा तारीख उजाडली. सासूबाईंचा तो डोळा, तो हिसका, हे डॉक्टरांच्या सारखं मनात यायचं. शिंपीकाकांनी शेवटचा उपाय सांगितला: "वहिनींना घेऊन या. गाडी घरच्या माणसाला ओळखते." डॉक्टर शिकलेले होते, तरी बायकोला घेऊन आले. ती मागे बसली, सल्लागार पुढे. टेकडी सुरू झाली. दुसरा गिअर, इंजिनाचं ओरडणं, आणि मग असा गचका की सल्लागारांची दोन्ही पेनं खिशातून उडून काचेवर आपटली.

सल्लागारांनी पेनं उचलून पुन्हा खिशाला लावली.

"अनुभवला," सल्लागार म्हणाले. डॉक्टरांना त्यांची पापी घ्यावीशी वाटली. फॉर्म तिथेच मांडीवर निघाला. गिअरबॉक्स नवा, पूर्ण वॉरंटीत, दोन दिवसांत. फक्त एक रकाना राहिला होता: दोष प्रथम केव्हा जाणवला?

"महिना झाला असेल," डॉक्टर म्हणाले.

नियमाप्रमाणे सल्लागारांनी दुसऱ्या प्रवाशालाही विचारलं. "ताई, तुम्हाला?"

"चौदा महिने झाले," बायको म्हणाली. "तेव्हाच यांना सांगितलं होतं."

"मला? कधी?"

"आईकडून येताना. तुम्ही म्हणालात, मला तर काही जाणवलं नाही. पुन्हा सांगितलं, तर म्हणालात, चालवताना तुझा पाय पॅडलवर जड पडतो, सवयीचा प्रश्न आहे. तिसऱ्यांदा मी सांगितलंच नाही."

"म्हणून तू दर गुरुवारी बसने जातेस?"

"मग कशाने जाणार?"

"मला वाटलं, तुला बसची खिडकी आवडते."

"खिडकी गाडीलाही आहे," ती म्हणाली आणि बाहेर बघत राहिली.

सल्लागारांनी अत्यंत दुःखाने कलम वाचून दाखवलं. दोष जाणवल्यापासून तीस दिवसांत कळवला नाही, तर तो मालकाचा हलगर्जीपणा, वॉरंटी बाद. मग डॉक्टरांच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, "एक सांगू साहेब? 'जाणवलं नाही' आणि 'सवयीचा प्रश्न', ही दोन वाक्यं न अडखळता म्हणायला आमच्या माणसाला सहा महिने शिकावं लागतं. तुमच्याकडे उपजत आहे." त्यांच्या आवाजात खरा आदर होता.

सतरा तारखेला बायकोने टॅक्सी केली. ड्रायव्हर म्हातारा होता. सासूबाईंच्या डोळ्यावरची पट्टी पाहून त्याने, कुणी न सांगता, सगळी टेकडी बैलगाडीच्या चालीने पार केली. डॉक्टरांना बोलावलं नव्हतं. पुढच्या सीटवर पिशवी होती. इकडे त्यांच्या दवाखान्यात पहिल्या पेशंटने सांगितलं, "डॉक्टर, दुखत होतं, पण आत्ता नाही." डॉक्टरांनी नेहमीचं वाक्य बोलायला तोंड उघडलं, भिंतीवरच्या प्रमाणपत्राकडे पाहिलं आणि लाज वाटून मिटलं. मग म्हणाले, "कधीपासून? बसा, सगळं सांगा."

सल्लागार कसे असतात हे तुम्हाला चांगलंच माहीत असल्यामुळे तुम्ही मधूनमधून हसला असाल. ते ठीकच झालं. फक्त नोंदीसाठी: तुम्ही हसत होतात तेव्हा घरातलं कुणीतरी दारात येऊन काहीतरी सांगून गेलं, आणि तुम्ही मान वर न करता 'हं' म्हणालात. आजची तारीख लिहून ठेवा. तीस दिवस आजपासून मोजले जातील.