शांतवन मास्तरांची काळी चार

सुगीच्या उपासनेनंतरच्या सोमवारी संध्याकाळी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांची बैठक झाली. हजर: पाळकसाहेब, निवृत्त हवालदार साळवेकाका, शाळेतले दोन मास्तर आणि खजिनदार म्हणून मी. शिल्लक एकतीस रुपये चार आणे होती, पण तिच्याकडे कोणी पाहिले नाही. विषय एकच होता. आमचे गायनप्रमुख शांतवन मास्तर प्रत्येक गीत काळी चारमध्ये वाजवतात, त्याचे काय करायचे?

ज्यांचा पेटीशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. पुरुषांचा गळा साधारण काळी एकच्या पट्टीत सुखाने चालतो, बायकांचा काळी चारच्या उंच पट्टीत. मंडळी एकत्र गाते तेव्हा वाजवणारा मधला मार्ग काढतो. शांतवन मास्तर काढत नसत. ते पायपेटीवर बसत, काळी चार धरत आणि डोळे मिटत. बायका मजेत गात. पुरुषांपैकी निम्मे पहिल्या कडव्यात गळत, उरलेले फाटक्या आवाजात पुढे जात. साळवेकाका म्हणाले, तिसऱ्या कडव्याला मला दिवसा तारे दिसून राहिलेत, आणि बाहेरच्या टांगेवाल्याचा घोडा कान टवकारतो ते वेगळेच.

मध्यप्रांताचे सरकार नागपूरला बसत असे आणि त्याच्याकडे निदान अर्ज करता येई. मास्तरांपुढे अर्ज चालत नसे. कोणी तक्रार केली की त्यांचे ठरलेले उत्तर होते: "पट्टी म्हणजे घराचा उंबरठा. पाय उचलायचा, उंबरठा कापायचा नाही."

माणूस सुरांचा वेडा. एकदा बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात माझ्यासोबत पितळेचा तांब्या घ्यायला आले. दुकानातला एकेक तांब्या बोटाने वाजवून कानाशी धरला आणि बाजूला ठेवला. दुकानदाराने शेवटी हात जोडले. "मास्टरजी, इसमें पानी पीना है कि भजन गाना है?" मास्तरांनी गंभीरपणे सांगितले की दोन्ही. त्यांच्या घरी चहाच्या पातेल्यावरचे झाकण खडखडले की ते उठून सरळ करत, कारण ते बेसूर होते. वांगी घेऊन आलेल्या भाजीवालीने "लो भटा" म्हणून हाक दिली की ते ओसरीवरून तिला दाद देत. भाजी मात्र घेत नसत.

पण हेही लिहिले पाहिजे की आमच्या मंडळीला गाणे त्यांनीच दिले. ते आले तेव्हा आम्ही इंग्रजी चालींवर मराठी शब्द कसेबसे बसवत होतो, आखूड चादरीत उंच माणूस झोपवावा तसे. मास्तरांनी तबला आणला, झांजा आणल्या, भजनाच्या चाली बांधल्या. तेव्हा ते वाजवत आणि त्यांची बायको कृपाबाई गीत उचलत. पहिली ओळ त्यांची, मग आम्ही सगळे. त्या काळात आमच्या गल्लीतले हिंदी शेजारीही रविवारी खिडक्या उघड्या ठेवत.

मी जवळच राहतो आणि तोंडावर बोलतो, म्हणून पंचांनी मलाच पाठवले.

मंगळवारी मी गेलो. कृपाबाईंनी चहा दिला आणि आत जाऊन तांदूळ निवडत बसल्या. मी म्हणणे मांडले. पुरुष इतके, त्यांतले गाणारे इतके, न गाणारे इतके. मास्तर ऐकून म्हणाले, "थोरातभाऊ, तुम्ही देवळात मोजायला येता की गायला?" मी म्हणालो, गाता येत नाही म्हणूनच मोजतो. ते हसले आणि विषय टाळून मला कोपऱ्यापर्यंत पोचवायला निघाले.

कोपऱ्यावर थांबून ते हळू बोलले. "ती विषमज्वरातून उठली, तेव्हापासून गात नाही. विचारलं की म्हणते, मन होत नाही. एखाद्या रविवारी मन झालं, अन् मी पट्टी खाली उतरवून बसलो असलो तर? तिची पट्टी तयार पाहिजे."

या गोष्टीला तीन वर्षे झाली होती. तीन वर्षे हा माणूस सगळ्या पंचांची बोलणी खात एक जागा राखून बसला होता. पाळकसाहेबांना मी एवढेच कळवले की मास्तर विचार करून राहिले आहेत.

दुसऱ्या दिवशी दुपारी कृपाबाई आमच्या घरी आल्या. आमचे मंगळवारचे बोलणे त्यांनी आतून ऐकले होते. माझी बायको सुशीला हिच्याजवळ बसल्या.

"मन तर रोज होते भाऊ," त्या मला म्हणाल्या. "तापात आवाजच खाली बसला. हे घरी नसताना करून पाहिले मी. त्या पट्टीत नुसती हवा निघते."

"मग सांगत काहून नाही तुम्ही त्यांना?" सुशीलाने विचारले.

"कुठल्या तोंडाने सांगू बाई? हे बोलत नाहीत, पण माझ्यासाठीच ती पट्टी धरून बसले आहेत ना."

जाताना त्यांनी मला बजावले की यांना कळू देऊ नका. मी हो म्हणालो नाही, नाही म्हणालो नाही, फक्त उठून दार उघडले. न दिलेला शब्द मोडता येत नाही, असे मी त्या रात्री सुशीलाला समजावले. ती म्हणाली, समजावणे पुरे, जा आणि सांगा.

शनिवारी मास्तर देवळात पायपेटी पुसत होते. मी एका वाक्यात सांगितले: तापात कृपाबाईंचा आवाज खाली बसला, काळी चारमध्ये त्यांना आता गाता येत नाही, म्हणून त्या गप्प बसतात. मास्तरांचा फडक्याचा हात थांबला नाही. एकच पट्टी ते पुसत राहिले.

मग विचारले, "किती खाली गेलाय?"

"ते मला कसे कळणार, मास्तर?"

"अच्छा. मग शोधावं लागेल."

रविवारी पहिले गीत त्यांनी काळी तीनला घेतले. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. दुसरे काळी दोनला. तिसरे काळी एकला आले तेव्हा साळवेकाकांना आपण लढाई जिंकलो असे वाटले आणि ते इतक्या जोरात गायले की पाळकसाहेबांनी पुस्तक तोंडासमोर आडवे धरले. मास्तरांचे तिकडे लक्षच नव्हते. मान बायकांच्या बाजूला कलली होती. तिथे पहिल्या बाकावर कृपाबाई पुस्तक मिटून बसल्या होत्या.

प्रभुभोजनानंतरच्या गीताला ते आणखी उतरले, खालच्या सप्तकातल्या काळी पाचला. आता पुरुषांचीही पंचाईत झाली. साळवेकाका घशात गुरगुरू लागले, पाठीमागून कोणी हसले. दुसऱ्या कडव्याच्या मध्यावर एक आवाज आला. जाडसर, थोडा खरबरीत, धाप लागल्यासारखा, पण सुरात. आम्ही एकेक करून थांबलो. कोणी ठरवले नव्हते.

तो जुना आवाज नव्हता. तो आता येणार नव्हता, आणि हे मास्तरांना आमच्याआधी कळले असणार. त्यांचे बोट एका चुकीच्या सुरावर पडले. त्यांच्या हातून असे होताना मी कधी पाहिले नव्हते. वळून त्यांनी पाहिले नाही. भाता मात्र हळू केला, पेटी इतकी बारीक केली की तिचा नुसता श्वास ऐकू यावा.

गीत चार कडव्यांचे आहे. शेवटचे कडवे संपले तसे मास्तरांनी पुन्हा तेच धरले. आशीर्वादासाठी उठलेले पाळकसाहेब खाली बसले. ते कडवे संपले आणि मास्तरांनी तिसऱ्यांदा तेच धरले. पाळकसाहेब पुन्हा अर्धे उठले होते, तेही बसले. या वेळी कृपाबाईंनी पहिली ओळ पूर्वीसारखी आपणहून उचलली, आणि मास्तरांनी दोन्ही हात मांडीवर ठेवून ती ऐकली.