लिंबाखालचा नेपोलियन

जगाच्या इतिहासाचा पेपर दीड वाजता सुटला आणि परमेश्वरभाऊ किल्ली खिशात टाकून जेवायला निघून गेले. सगळा घोळ झाला तो तिथून.

किल्ली होती चौदा नंबरच्या खोलीची. मुक्त विद्यापीठाच्या बी.ए.ला बसलेल्या बारा जणांचे मोबाइल, पुस्तकं, पिशव्या आणि डबे त्या खोलीत कोंडलेले होते, कारण परीक्षेचा नियमच तसा. परमेश्वरभाऊ कॉलेजचे जुने कारकून. घर गेवराईतच, पण पार दुसऱ्या टोकाला. आणि जेवल्यावर ते जरा आडवे होतात, हे अख्ख्या कॉलेजला ठाऊक. म्हणजे तासभर तरी ना फोन, ना पुस्तक, ना भाकरी. अशा वेळी बारा परीक्षार्थींनी करायचं तरी काय? मैदानातल्या मोठ्या लिंबाखाली जाऊन बसले आणि उत्तरं जुळवायला लागले.

आता परीक्षार्थी म्हणजे पोरंसोरं समजू नका. कुणी किराणा दुकानदार, कुणी होमगार्ड, दोघी आशाताई, आणि कारखान्याचा हंगाम उरकून परतलेला ऊसतोड टोळीचा एक मुकादम. ह्या सगळ्यांच्या मधोमध लिंबाच्या बुडाला टेकून बसले होते सुंदरराव. वय अठ्ठावन्न, दोन वेळा सरपंच, एकदा पंचायत समितीचे सभापती. तालुका त्यांना आबा म्हणायचा. आबांना आयुष्यात सगळं मिळालं होतं, पण निवडणुकीच्या फॉर्मवर शिक्षणाच्या रकान्यात 'बारावी' लिहिताना त्यांचा हात दर वेळी अडायचा. शेवटी सहावीतली नात संस्कृती जेवताना सगळ्यांसमोर विचारती झाली, "आबा, तुमी कॉलेज अर्धंच कावून सोडलं?" दुसऱ्याच दिवशी आबांनी मुक्त विद्यापीठाचा फॉर्म भरला. एकट्यानं कसं बसायचं, म्हणून त्रिंबकलाही ओढलं.

त्रिंबक हा आबांचा कॉलेजचा दोस्त. तीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होता, नुकताच रिटायर झालेला. त्याचा आवाज असा की 'पुढं सरका' म्हटल्यावर मागच्या बसमधलीही माणसं पुढं सरकायची. त्यानं एकदा एखादी गोष्ट सांगितली की खरी-खोटी बघायची कुणाची छाती व्हायची नाही.

छत्तीस वर्षांपूर्वी हे दोघं ह्याच कॉलेजात होती. काय दिवस होते हो ते! कोर्टाच्या मागं एक पत्र्याची खोली, दोघांत एक सायकल. सुंदररावच्या आईनं दिलेला डबा सकाळच्या एस.टी.नं यायचा. ड्रायव्हरच्या सीटमागं ठेवलेला तो डबा उतरवून घ्यायला दोघं धावत स्टँडवर जायचे. ज्वारीच्या चार भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि फडक्यात बांधलेला कांदा. भाकरी दोन-दोन वाटून घ्यायची असं ठरलेलं होतं, पण सुंदरराव हात धुऊन येईपर्यंत त्रिंबकची तिसरी सुरू झालेली असायची. तेव्हाही पेपर सुटला की पोरं ह्याच लिंबाखाली जमायची. आणि तेव्हाही सगळे आपली उत्तरं त्रिंबकच्या उत्तरांशी जुळवायचे, कारण तो मोठ्यानं बोलायचा.

"तेविसावा घ्या," आबा म्हणाले. "पहिल्या महायुद्धाची ठिणगी कुठं पडली?"

"बर्लिन," त्रिंबकनं ठोकून दिलं.

"मी साराजेव्हो लिहिलंय, आबा," एक बाई चाचरत म्हणाली. ही मंजुषा, जवळच्याच एका खेड्यातली अंगणवाडी सेविका. वय चव्वेचाळीस. मुख्यसेविकेच्या जागेसाठी पदवी लागत होती आणि वयाची अट ह्याच वर्षी संपत होती. आजचा पेपर आणि उद्याचा शेवटचा, एवढंच राहिलं होतं. ह्या बारा जणांत पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेली ती एकटीच होती. पोरांना खिचडी वाढून झाली की ती अंगणवाडीच्या पायरीवर बसून वाचायची.

"साराजेव्हो हे गाव कुणी ऐकलंय का?" त्रिंबकनं विचारलं. "तीस वर्षं तिकिटं फाडली मी. असलं गाव न्हाई."

"पुस्तकात हाय, काका."

"पुस्तक खोलीत हाय," होमगार्डनं आठवण करून दिली.

दोन माणसांचं दोन बाजूला तोंड झालं की ते मिटवायची आबांची एकच रीत होती. पस्तीस वर्षं त्यांनी शेताकडं जाणारी पाणंद, टाकीची जागा, जत्रेचा दिवस, सगळं त्याच रीतीनं मिटवलं होतं. त्यांनी घसा साफ केला. "भांडायचं कावून? बर्लिनच्या बाजूनं हात वर करा."

आबांनी म्हटलं आणि हात वर गेले नाहीत असं आजवर झालं नव्हतं. साराजेव्हो लिहिलेल्या एका आशाताईनंही हात वर केला. अकरा हात बर्लिनला आणि साराजेव्होला एकटी मंजुषा.

"बर्लिन मंजूर," आबा म्हणाले.

मग काय विचारता! बारा माणसांनी लिंबाखाली बसून जगाचा इतिहास बहुमतानं पास करायला घेतला. औद्योगिक क्रांती इंग्लंडमधून उचलून जर्मनीत नेली, कारण त्रिंबकच्या डेपोतला जॅक जर्मनीचा होता. अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष लिंकन झाला, कारण वॉशिंग्टन हे शहर आहे, माणूस नव्हे, असं मुकादमाचं म्हणणं पडलं. मंजुषा प्रत्येक वेळी हॉल तिकिटाच्या मागं पेन्सिलीनं एक फुली मारत होती. आणि मग एकेचाळिसावा प्रश्न आला.

"नेपोलियनला शेवटी कोणत्या बेटावर ठेवलं?"

"एल्बा!" त्रिंबक म्हणाला. मात्र ह्या वेळी त्याची नजर आबांकडं नव्हती, उगाच मैदानाकडं होती.

"मी सेंट हेलेना लिहिलं," मंजुषा म्हणाली.

आबा तिच्याकडं बघून हळहळले. "पोरी, हीच चूक मी केलती, एकोणनव्वद साली, ह्याच झाडाखाली. सेंट हेलेना लिहून आलतो लई ऐटीत. ह्या त्रिंबकनं सांगितलं, एल्बा. एकेक करून माझी सगळीच उत्तरं चुकलेली निघाली. मग पुढच्या दोन पेपरला बसून तरी काय करायचं? दुसऱ्या दिवशी पहाटे, हा झोपेत असतानाच वळकटी बांधली, बस धरली आणि गावी गेलो. तवापासून एल्बा काही विसरलो न्हाई. आज बरोब्बर लिहिलंय."

मंजुषानं फुल्या मोजल्या. पन्नासातले सदतीस चुकले होते आणि पास व्हायला वीस लागत होते. तिनं हॉल तिकिटाची घडी घातली, ती ब्लाउजमध्ये ठेवली आणि पदराची पिन नीट केली. एवढं झाल्यावर तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"उद्या मी येत न्हाई, आबा," ती म्हणाली. "कशाला यायचं? रजा तरी वाचंल. सगळ्या गावाला सांगून बसले, मॅडम होणार म्हणून. नवरा तर आत्ताच मॅडम म्हणून हाक मारतोय, जळ्ळं मेलं."

बाई रडायला लागल्यावर आबांच्यातला सभापती जागा झाला. प्रश्नच चुकीचे आहेत, पेपर रद्द करा, फेरपरीक्षा घ्या, असं निवेदन द्यायचं त्यांनी तिथल्या तिथं ठरवलं. कागद मिळेना, तर मुकादमाजवळच्या लग्नपत्रिकेच्या मागं मजकूर लिहिला. अकरा सह्या झाल्या. मंजुषानंही डोळे पुसत बारावी सही केली. फेरपरीक्षा होईपर्यंत आपलं वय निघून जाईल, हे काही तिच्या ध्यानात आलं नाही.

तेवढ्यात परमेश्वरभाऊ पान चघळत सायकलवरून आले. सगळी वरात त्यांच्यामागून ऑफिसात शिरली. आत कपाटं उघडी आणि जमिनीवर फायलींचे ढिगारे.

"पसारा बघू नका," परमेश्वरभाऊ म्हणाले. "पुढच्या महिन्यात रिटायर होतोय. जुनं सगळं आवरून द्यायचं हाय."

आबांनी निवेदन पुढं केलं. परमेश्वरभाऊंनी चष्मा लावला, एका बाजूला सह्यांचा घोळका पाहिला, दुसऱ्या बाजूला नवरा-नवरीचा फोटो पाहिला आणि आवक रजिस्टर उघडलं. पहिलं नाव लिहिता लिहिता त्यांचा हात थांबला.

"सुंदरराव, तुमी एकोणनव्वदला हितंच होता ना? थांबा." त्यांनी एका ढिगातून सुतळीनं बांधलेला गठ्ठा ओढला. "कुणी न्यायलाच न आलेली गुणपत्रकं. परवा घावली. तुमचं हाय ह्याच्यात. ह्या त्रिंबकरावांचं बी हाय."

"नापासाचं काय बघायचं," आबा म्हणाले.

"नापास तर हायच. दोन पेपरला गैरहजर म्हणल्यावर," परमेश्वरभाऊ पिवळा कागद उजेडात धरून वाचायला लागले. "पण बाकी झकास. मराठी बावन्न. राज्यशास्त्र अठ्ठेचाळीस. जगाचा इतिहास, एकसष्ट."

"किती?"

"एकसष्ट. ह्या विषयात कॉलेजात त्या साली दुसरे होता तुमी."

आबा खुर्ची चाचपत खाली बसले.

"आणि त्रिंबकराव," परमेश्वरभाऊंनी पुढचा कागद घेतला. त्रिंबक म्हणाला, "राहू द्या ना, भाऊ," आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा आवाज कुणाला ऐकूच गेला नाही. "जगाचा इतिहास, बावीस."

आबा सावकाश त्रिंबककडं वळले. "बावीस? बावीसवाल्याचं ऐकून मी वळकटी बांधली बे?"

"मला काय ठावं होतं बावीस हायेत म्हणून? मला वाटत होतं सत्तर पडतील."

"आणि कळलं कधी?"

"निकालाच्या दिवशी. कागद बघितला अन् हितंच ठेवून पळालो. तुझा बघायची हिंमत झाली न्हाई." त्रिंबक खाली बघत म्हणाला. "दुसऱ्या दिवशी, पुढच्या पेपराला, तुझी वाट बघितली मी. डबा आलता. चारी भाकरी समोर ठेवून बसलो, एक बी गिळली न्हाई. मग वर्षभरात तू सरपंच झालास. म्हटलं, चला, बरंच झालं की."

आबांना राग आला होता, हसू येत होतं आणि डोळेही भरले होते. आईनं तो डबा बांधला तेव्हा पोरगं पेपर सोडून घराच्या वाटेवर आहे, हे तिला कुठं माहीत होतं! पोरगं दारात उभं राहिलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "न्हाई झालं तर न्हाई. हात धू, जेव." एकसष्ट मार्क ऐकायला आता ती नव्हती. आबांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"मंजुषा, पुस्तक काढ."

चौदा नंबरची खोली उघडली. मंजुषानं पान काढलं आणि उभ्यानंच वाचलं. साराजेव्हो. इंग्लंड. वॉशिंग्टन. एल्बावरून नेपोलियन निसटला होता. शेवटी त्याला सेंट हेलेनावर नेऊन ठेवलं आणि तो तिथंच मेला. तिनं सदतीस फुल्यांपैकी एकेक खोडायला सुरुवात केली आणि अठ्ठाविसाव्या फुलीला तिला हसू फुटलं.

आबांनी निवेदन रजिस्टरवरून उचललं आणि फाडलं. "उद्या दहाच्या आत यायचं. बस चुकली तर माझी जीप येईल. आणि पेपर सुटला की थेट घरी जायचं. लिंबाखाली कुणी दिसलं तर बघा!"

दुसऱ्या दिवशी मंजुषा साडेनऊलाच हजर होती.

दोन महिन्यांनी निकाल लागला. मंजुषाला एकेचाळीस पडले. परमेश्वरभाऊंच्या जागी आलेल्या नव्या कारकुनानं बाकीचे आकडेही वाचून दाखवले. जगाचा इतिहास : त्रिंबक वीस, पास. सुंदरराव एकोणीस.

दोघं बाहेर आले आणि पाय आपसूक लिंबाखाली वळले. बराच वेळ आबा पन्नास प्रश्न मनातल्या मनात फिरवत होते.

"एक मार्क," ते म्हणाले. "एल्बा लिहिलं तिथं गेला. बरं, तुझं बी एल्बाच होतं. मग तुला वीस कसे पडले बे?"

त्रिंबकनं गवताची काडी उपटली. "मी सेंट हेलेना लिहिलतं."

"काय?"

"एकोणनव्वदलाच कळलं होतं मला. निकाल बघितला, मग पुस्तक उघडून बघितलं."

"मग त्या दिवशी हितं बसून सगळ्यांदेखत एल्बा कावून म्हणलास?"

"आता छत्तीस वर्षं तुला एल्बाच सांगत आलो ना," त्रिंबक काकुळतीला आला. "चारचौघांत एकदम बेट कसं बदलू?"

आबा उठले आणि धोतराची माती झटकली.

"पुढच्या वर्षी परत बसतोय मी. तू बी यायचं."

"मी कशाला? मी पास झालो की!"

"लिंबाखाली बसायला. आणि येताना डबा आणायचा, ह्या बारीला तुझ्या घरचा. चार भाकरी. मी पेपर देऊन बाहेर येईन अन् चारी एकटा खाईन. माझी शेवटची भाकरी संपेस्तोवर तू तोंड उघडायचं न्हाई."

"बरं," त्रिंबक इतक्या हळू म्हणाला, की आबांना त्याला पुन्हा एकदा विचारावं लागलं.