आवडाबाईंची पाच बोटं

बद्रीनाथांच्या ओट्यावर सकाळी कुणीतरी लाल रेघ ओढून गेलं आणि त्यांचा चहा तसाच राहिला.

ओटा साधासुधा नव्हता. गावाकडची जमीन भावाच्या हवाली करून त्यांनी मुकुंदवाडीत आधी ओटा बांधला, मग उरलेल्या जागेत घर. अर्धा ओटा स्वतःच्या हद्दीत, अर्धा गल्लीत. त्यापायी पाण्याचा टँकर गल्लीच्या तोंडाशीच अडायचा आणि बायका हंडे घेऊन तिथवर पळायच्या. शहराचं नाव बदललं, रस्ते रुंद व्हायला लागले, नळ मात्र कोरडेच राहिले. बद्रीनाथ ओट्यावर मांडी घालून या दुष्काळावर भाषणं द्यायचे, आणि बायका त्यांच्यासमोरून हंडे वाहायच्या.

रेघ ओढणारा बिभीषण, रस्तारुंदीच्या पथकाचा मुकादम, अजून गल्लीतच होता. बद्रीनाथांनी त्याला गाठलं.

"ए, काय केलंस रं हे?"

"घाबरू नका अण्णा. एक रेघ म्हंजी नुसतं मोजलं. चार-पाच रेघा दिसल्या की मग जेसीबी."

सून सोनिया दारातून ऐकत होती. ती विद्यापीठात संशोधन करायची. तिनं एकदम टाळी वाजवली.

"अण्णा, हे तर माझं लायगेज!"

"लगेज? माहेरी चाललीस का काय?"

"लगेज नाही हो, लायगेज! युबिक्विटिन लायगेज. उद्या त्याच्यावर साध्या मराठीत बोलायचंय, अन् मला उदाहरणच सापडत नव्हतं." तिनं सासऱ्यांना ओट्यावरच बसवलं. "आपल्या पेशीत काही प्रथिनं खराब होतात, काहींचं काम संपतं. हे एन्झाईम त्यांना हुडकून युबिक्विटिनची खूण चिकटवतं. एकाच खुणेनं सहसा कुणी मोडत नाही, तिचा अर्थ वेगळा. पण खुणांची साखळी झाली, की पेशीतलं भरडायचं यंत्र त्या प्रथिनाचे तुकडे करतं."

"म्हंजी पेशीत बी अतिक्रमण हटाव! अन् तिथं कुणाचा वशिला चालत नाय?"

"तिथंही बिघाड होतोच की. खूण करायची राहिली तर कचरा साचतो, मेंदूचे काही आजार त्यातून होतात. अन् नको तितक्या खुणा झाल्या तर पेशीचा पहारेकरीच भरडला जातो. मग कॅन्सरला रान मोकळं."

"मंग माझा वटा काय? कचरा का पहारेकरी?"

सोनियाला विद्यापीठात जायला उशीर होत होता. निदान ती तसं म्हणाली.

बद्रीनाथांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा चढवला आणि दुसरी रेघ पडू नये म्हणून उस्मानपुऱ्यातल्या एका पुढाऱ्याकडं निघाले.

एवढ्यात त्यांची बायको आवडाबाई टँकरवरून हंडा घेऊन आली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. ओट्यावर नजर गेली आणि ती जागीच थबकली.

"अगं बाई, एकच बोट? सोनीनं लावलं असंल. शिकल्याल्या पोरी, सगळं काम अर्धवट!"

तिच्या हिशेबी कुंकू लावायचं तर पाच बोटांनी. दाराला पाच, कणगीला पाच, नव्या ट्रॅक्टरला पाच. एकटं बोट म्हणजे अपशकुन. तिनं तेलात कुंकू कालवलं, त्या रेघेशेजारी चार बोटं ठसठशीत ओढली आणि ओट्याला नमस्कार केला.

जेसीबी घेऊन बिभीषण त्याच वाटेनं पुढं चालला होता. त्यानं ओटा पाहिला.

"च्यायला, साहेब सोता येऊन खुणा करून गेले जणू! घे रे आत."

आपल्याकडं कागद मागतात तो ज्याचं पडलं त्याला. पाडणाऱ्याला कुणी विचारत नाही. आवडाबाई ओरडत राहिली, पण यंत्राच्या घरघरीत तिचं कोण ऐकणार?

दुसरी रेघ पडणार नाही, असा शब्द घेऊन बद्रीनाथ हसतमुखानं परतले, तेव्हा ओट्याचा मुरूम झाला होता.

"कुणी सांगितलं रं पाडायला?"

"खुणांनी," बिभीषणनं मोबाईलवरचा फोटो पुढं केला. "मोजून घ्या, पाच हायेत."

"अय्यो, हे तर माझं कुंकू!" आवडाबाई म्हणाली.

"तुझं?"

"मंग? एकच बोट बरं दिसतंय व्हय?"

बद्रीनाथांच्या कानशिलाच्या शिरा टरारल्या. त्यांनी शिवी द्यायला तोंड उघडलं, तोच मोकळ्या झालेल्या जागेतून टँकर थेट आत आला आणि मागून बायकांचा घोळका. शेजारची केसरबाई पुढं झाली.

"अण्णा, लक्ष्मीच्या हातानं कुंकू लावून वटा गल्लीला दिला! लई मोठं मन बाई तुमचं!"

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.  बद्रीनाथांनी ओठांवर आलेली शिवी गिळली.

"मंग? गल्लीसाठी एवढं बी करू नाय का मानसानं?"

आवडाबाईला भरून आलं. "आसं मानूस हाय माझं!" म्हणत तिनं त्यांच्या पाठीवर जोरात थाप मारली. टंचाईत हात कोण धुतं? पांढऱ्या सदऱ्यावर पाचही बोटं लख्ख उमटली.

जेसीबीवाल्यानं वाकून ती पाठ न्याहाळली आणि गिअर टाकला.

"मुकादम, ह्यांना बी उचलायचं का?"

बद्रीनाथ टँकरमागं पळाले. हसता हसता केसरबाईच्या कमरेवरचा हंडा कलंडला, आणि भर दुष्काळात सांडलेल्या त्या पाण्यावरून गल्लीत कुणीच भांडलं नाही.