पासष्ट नॅनोसेकंदांचा उशीर

अकोल्यातल्या एका विभागीय कार्यालयाचं हजेरीचं यंत्र अकरा मिनिटं पुढे आहे. ते बिघडलेलं नाही. कर्मचाऱ्यांना शिस्त लागावी म्हणून कुण्या जुन्या साहेबांनी ते मुद्दाम पुढे केलं. साहेब निवृत्त झाले, शिस्त सेवेत कायम राहिली. सायंकाळी सुटी मात्र यंत्रावर होत नाही, नव्या साहेबांच्या मोबाइलवर होते. याला प्रशासकीय समतोल म्हणतात.

कार्यालय पावणेदहाचं. कनिष्ठ लिपिक पौर्णिमा इंगोले रोज अमरावतीहून येऊन नऊ चाळीसला बोट टेकवते. यंत्र नऊ एक्कावन्न दाखवतं आणि लेटमार्क लावतं. लेटमार्क सगळ्यांनाच लागतो. मग प्रत्येक जण अधीक्षक खुशालरावांच्या टेबलापुढे उभा राहून म्हणतो, "साहेब, मशीन पुढं हाय." खुशालराव मान न उचलता म्हणतात, "मालूम हाय मले. जा, काम करा." तासभर उशिरा उगवणाराही हेच म्हणतो आणि त्यालाही हीच माफी मिळते.

पौर्णिमालाही वर्षभर अशीच माफी मिळाली. मग तिनं अमरावतीला बदली मागितली. मुलगी पहिलीत आहे, आणि आईचे दिवसाचे चार तास प्रवासात जातात. बदलीची अट साधी होती: वर्षात लेटमार्क दहाच्या आत हवेत. तिचे दोनशे चौदा निघाले. माफी तोंडी होती, लेटमार्क छापील होते.

तिनं अर्ज दिला: हजेरीचं यंत्र अकरा मिनिटं पुढे आहे, सबब माझे लेटमार्क रद्द व्हावेत.

"हे कावून केलं तुमी?" खुशालराव दुखावल्या आवाजात म्हणाले. "तोंडानं सांगतल्यावर मी कधी नाही म्हनलं काय? आता लिहून देल्लं म्हणजे मले उत्तर द्या लागते. कोनत्या घड्याळावरून ठरवलं?"

"मोबाइलच्या."

"मोबाइल खाजगी कंपनीचा. सरकारी यंत्रापुढं तो टिकत नाही."

"टीव्हीवर वेळ दाखवतात, ती?"

"मॅडम, त्याच्यावर बातम्या बी दाखवतात."

आठवड्यानं पत्र आलं. 'अर्जदाराने वेळेचा स्वतंत्र स्रोत स्वनिवासस्थानी उभारून त्याचा तांत्रिक तपशील सादर करावा.' पत्र लिहिणाऱ्याला वाटलं, बाई आता गप्प बसेल. बाईनं शोध घेतला. उपग्रहांवरच्या घड्याळांवरून वेळ घेणारी डबी मिळते, असं तिला कळलं. गच्चीवर मुठीएवढा अँटेना, घरात डबी आणि दोघांच्या मधे केबल. अँटेना आणि डबी कुरिअरनं आली. केबल मात्र ज्याची त्यानं निवडायची होती.

अमरावतीत डिश बसवून देणारे दाऊदभाई आले. त्यांनी तीन तुकडे सोफ्यावर मांडले.

"पाहा ताई. ही पातळ. लावाले सोपी, पन गच्चीपासून इथंवर सोळा मीटर होते. सिग्नल रस्त्यातच दम तोडते. ही अंगठ्याएवढी जाडी. एक नंबर माल, पन वळत नाही. भिंत फोडा लागते. अन् ही आपली नेहमीची, डिशची."

"डबीच्या कागदावर पन्नास ओहमची केबल लिहिली आहे."

"ही पंच्याहत्तरची हाय. एवढ्यानं काही अडत नाही. मी पाणी न शिरनारे जोड टाकून देतो. नाही चालली तं मले शिव्या देजा."

सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई पार्वताबाई बसल्या होत्या. "इतलं सारं करून हे किती वाजले तेच सांगन ना?"

"हो आजी. पन एकदम खरं सांगन."

"मंग आपल्या भिताडावरच्या घड्याळावानी धा मिनिटं पुढं करून ठेव."

"हे पुढं होत नाही."

"मंग काय कामाचं?" पार्वताबाई म्हणाल्या आणि उठून गेल्या.

डिशची केबल लागली. डबीनं केबलची लांबी विचारली, कारण सिग्नलला केबलमधून खाली यायलाही वेळ लागतो आणि डबी तो वजा करते. पौर्णिमा प्रामाणिक बाई. तिनं तपशिलात लिहिलं: 'केबलमुळे होणारा विलंब, पासष्ट नॅनोसेकंद. वजा केला आहे.'

खुशालरावांनी 'विलंब' या शब्दाखाली लाल रेघ ओढली. "म्हणजे उशीर कबूल."

"साहेब, एका सेकंदाचे शंभर कोटी तुकडे केले तर त्यातले पासष्ट."

"तुकडे किती बी करा. उशीर हाय का नाही?"

"वजा केलाय."

"उशीर वजा होत असता, तं लेटमार्क कोनालेच लागला नसता."

मग आदेश निघाला: विलंबरहित केबलची तीन दरपत्रकं सादर करावीत. दोन दुकानदारांनी अशी केबल जगात नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यानं दोन वर्षांच्या गॅरंटीसह दरपत्रक तिथल्या तिथं लिहून दिलं. तीन हवी होती, एकच आलं, म्हणून प्रक्रिया रद्द झाली. तांत्रिक समिती बसली. चहा झाला. समितीचं मत पडलं की लांबी शून्य केल्यास विलंब शून्य होईल, करिता अर्जदाराने निवासस्थान गच्चीवर हलवावे.

पौर्णिमाचं डोकं सणकलं. तिनं केबल काढून टाकली, डबी गच्चीवर नेऊन थेट अँटेनाला जोडली, वर प्लॅस्टिकचं घमेलं पालथं घातलं आणि रोज सकाळी तिथं जाऊन हातातलं घड्याळ डबीच्या वेळेवर लावू लागली. नव्या तपशिलात लिहिलं: 'केबल: नाही. वजाबाकी: नाही.'

आता खुशालरावांकडे रेघ ओढायला शब्दच उरला नाही. समितीला लिहून द्यावं लागलं की यंत्र अकरा मिनिटं पुढे आहे. सोमवारी ते बरोबर करण्यात आलं. पौर्णिमाचे जुने लेटमार्क मात्र विचाराधीन राहिले.

सोमवारी साडेदहाला स्वप्निल आला. पौर्णिमाच्या शेजारच्या टेबलावरचा. तोंड उघडलं, "साहेब, मशीन..." आणि तिथंच थांबला. त्या दिवशी अडतीसपैकी एकतीस लेटमार्क लागले, सगळे अस्सल.

दुपारी तो तिच्या टेबलाशी आला. "ताई, मशीन खोटं होतं म्हणून आमी खरे होतो. तुमी आमचं वाटोळं केलं."

"मी पहिल्यापासून वेळेवर येतच होते, स्वप्निल."

"तेच तं."

चारच्या आत अर्ज तयार झाला. यंत्र पूर्ववत अकरा मिनिटं पुढे करावं आणि कार्यालयाची शांतता बिघडवणाऱ्या कर्मचाऱ्याची तातडीनं बदली व्हावी. सदतीस सह्या होत्या, पहिली खुशालरावांची. जे खरं सिद्ध करून सहा महिन्यांत झालं नाही, ते त्रासदायक ठरून दोन दिवसांत झालं. पौर्णिमाची बदली अमरावतीला झाली.

ती नऊ चाळीसला अमरावतीच्या कार्यालयात हजर झाली. तिथलं यंत्र चौदा मिनिटं पुढे होतं. तिची ख्याती तिच्या आधी पोचली होती. दारात उभं करूनच साहेबांनी तिचे कागद परत अकोल्याला धाडले, अकोल्यानं ते घेतले नाहीत. आज ती दोन्ही कार्यालयांच्या मधे आहे, आणि मुलगी विचारते, आई, तू घरी कशी?

तुमच्या कार्यालयात एक जागा रिकामी आहे, असं कळलं. तिकडे पाठवू का तिला? अक्षर सुरेख आहे, काम चोख आहे, फायली तोंडपाठ आहेत. वेळेवर येते, एवढाच दोष.

विचार करून कळवतो म्हणालात. अमरावतीचे साहेबही कागद परत धाडताना हेच म्हणाले.