हेमराजचं काळं बोट

"आपल्या केंद्रावर पहिलं मत माझं पडणार! लिहून ठेवा!"

मतदानाच्या आठ दिवस आधी हेमराजनं नशिराबादच्या टपरीवर हे जाहीर केलं, तेव्हा लिहून ठेवायला कोणाकडे पेन नव्हतं. पण लक्षात सगळ्यांच्या राहिलं. राहणारच! पुढचे आठ दिवस तो दुसरं काही बोललाच नाही!

हेमराज एकोणीस वर्षांचा. बाप लोटनभाऊ केळीचा शेतकरी, पोरगा जळगावला कॉलेजात. यंदा त्याचं पहिलंच मतदान. देशाच्या कुठल्याही प्रश्नावर त्याचं मत तयार असे. सीमेवर काय करायला हवं, कोणत्या देशाला किती दम द्यायचा, लष्कराला नवीन काय घ्यायचं, सगळं तोंडपाठ. दिल्लीहून कोणी विचारायला येत नव्हतं, एवढंच! "मत देशाकडे बघून द्यायचं," तो ठणकावून सांगे. "गटार, एसटी, नळाचं पाणी, असले विषय मतदानाच्या दिवशी काढायचे नाहीत. देशहिताची वेळ आली की सगळ्या पक्षांनी एक व्हायला पाहिजे!"

"मंग गटारना विषय कव्हय काढाना?" ताईबाई विचारी.

ताईबाई म्हणजे त्याची फुई, बापाची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून माहेरीच राहिलेली आणि घर, गोठा, मजूर सगळं एकहाती सांभाळणारी. देशप्रेमावर ती कधी अवाक्षर बोलली नव्हती. मतदान मात्र चाळीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. मत कोणाला दिलं असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं, "ते मनी आनि मशीननी गोट शे." म्हणजे ती गोष्ट तिची आणि मशीनची, तिसऱ्या कोणाची नाही!

"फुई, हे मागासलेपण आहे!" हेमराज म्हणे. "आपण उघड भूमिका घेतली पाहिजे!"

आता एवढं बोलून तो थांबला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण कॉलेजात डिंपल होती. डिंपल मेहरूणला राहणारी, वर्गातली हुशार मुलगी, आणि हेमराजची भाषणं तोंडावर हात न ठेवता ऐकणारी एकमेव व्यक्ती. तीही एक दिवस कंटाळली. "तू नुसता बोलतोस रे," ती म्हणाली. "मतदानाच्या दिवशी सातला उठशील तरी का? बोटाला शाई लावून दाखव, मग देशप्रेम मानू."

नुसता बोलतोस! हेमराजच्या काळजात हे वाक्य बाभळीच्या काट्यासारखं रुतलं. आपलं देशप्रेम खरं आहे हे सात वाजता, सातच्या सात वाजता, अख्ख्या जगाला दिसलंच पाहिजे असं त्यानं ठरवलं.

अडचण एकच होती. केंद्रात मोबाईल नेता येत नाही. सातला मत द्यायचं, बाहेर यायचं, मोबाईल घ्यायचा, व्हिडिओ काढायचा, म्हणजे साडेसात होणार. तोवर मेहरूणमधल्या निम्म्या पोरांची बोटं व्हॉट्सॲपवर झळकलेली असणार! म्हणून त्यानं व्हिडिओ आदल्या दिवशीच काढून ठेवायचं ठरवलं. मतदान तर होणारच आहे, बारा तास पुढंमागं! देशासाठी एवढं चालतं.

पण शाई आणायची कुठून? पेनची शाई निळी दिसली. मार्कर लावला तर घामानं निघाला. मे महिना, पारा चव्वेचाळीसला टेकलेला, बोटावर काही टिकेना. शेवटी त्याचा जिवलग मित्र समाधान म्हणाला, "बिब्बा लाव ना! माझा आजा कापडावर बिब्ब्यानं खूण करायचा. कापड फाटायचं, खूण नाही जायची!"

काय डोकं! ताईबाईच्या डब्यात टाचांच्या भेगांना चटके द्यायला बिब्बे असतच. हेमराजनं तीन उचलले, सुई तापवून एकात खुपसली आणि डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखापासून खाली, तेलाची झकास रेघ ओढली. रंग आला चहा सांडल्यासारखा. दुसऱ्या बिब्ब्याचं तेल लावलं. मग तिसऱ्याचं. तरी रंग चहाचाच, फक्त दूध जरा कमी! शेवटी तसाच केळीच्या बागेत उभा राहून तो बोट वर करून गरजला, "मी मतदान केलं! मी देशासाठी उभा राहिलो! तुम्ही?" समाधाननं व्हिडिओ घेतला. हेमराजचा मोबाईल समाधानकडेच राहिला. "उद्या सातला टाक," हेमराजनं बजावलं. "एक मिनिट इकडं नाही, तिकडं नाही!"

बिब्ब्याचा रंग सावकाश चढतो हे समाधानच्या आज्याला ठाऊक होतं. पण आजा वारून सहा वर्षं झाली होती.

सकाळी हेमराज उठला तेव्हा बोट कोळशासारखं काळं झालं होतं आणि भरताच्या वांग्यासारखं फुगलं होतं! ठणका असा की कोपरापर्यंत कळ जावी. पण सहा वाजत आले होते. त्यानं बोटाला रुमाल गुंडाळला, फुईच्या समोरून हात खिशात घालून निसटला आणि केंद्रावर पोचला. पाहतो तर दारात पहिल्या नंबरला ऐंशीचे तोताराम आबा काठी टेकून उभे!

"आबा, पहिलं मत मला देऊ द्या ना. मी जाहीर केलंय."

"चाळीस वरीसफाईन पहिलं मत मनं शे, पोऱ्या," आबा शांतपणे म्हणाले. "तू मांगे उभा ऱ्हाय."

हेमराज मागे उभा राहिला. देशासाठी दुसरा नंबरही चालतो, त्यानं मनाची समजूत घातली. पण मशीनची तपासणी लांबली. सात वाजले, सात पाच झाले, तरी दार बंदच. आणि बाहेर रस्त्यापलीकडे उभ्या समाधाननं मित्राचा शब्द पाळला. सातच्या ठोक्याला व्हिडिओ सुटला!

सात दहाला तोताराम आबा मत देऊन काठी वाजवत बाहेर आले. हेमराज आत गेला. पहिल्या टेबलावर नाव पुकारलं गेलं, "हेमराज लोटन पाटील!" पक्षांच्या दोन प्रतिनिधींनी आपापल्या यादीत खूण केली. एका पक्षाचे बन्सीलाल, दुसऱ्याचे झुलालभाऊ. दोघं शेजारी राहतात, पण वीस वर्षांत त्यांचं एका वाक्यावर एकमत झालेलं नाही. एक पाऊस येणार म्हणाला की दुसरा वाळवण घालतो.

"डावा हात," दुसऱ्या टेबलावरचा कर्मचारी म्हणाला.

हेमराजनं रुमाल सोडला. कर्मचाऱ्याच्या हातातली शाईची काडी हवेतच राहिली.

"तुमचं मतदान झालंय की!"

"नाही नाही! आता करायचंय."

"मग बोटाला काय आहे? अहो, शाई लावायच्या आधी बोट तपासतात. खूण असलेल्याला मत देता येत नाही."

हे हेमराजला माहीत नव्हतं. परराष्ट्र धोरण माहीत होतं, हे नव्हतं!

तेवढ्यात दारात समाधान उगवला. आनंदानं त्याचा चेहरा फुलून गेला होता. "हेमराज! टाकी दिधा रे भो! चारशे बारा जणस्नी देखा!"

"काय टाकी दिधं?" बन्सीलालनी मान वर केली.

"त्यानं मतदान केल्याचा व्हिडिओ!"

 मग बन्सीलाल आणि झुलालभाऊ एकदमच उभे राहिले आणि एकाच सुरात ओरडले, "आमची हरकत आहे!"

दोघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं. बन्सीलाल म्हणाले, "दुबार मतदान!" झुलालभाऊ म्हणाले, "बराबर बोलतात बन्सीलाल!" देशासाठी सगळ्या पक्षांनी एक व्हावं, असं हेमराज आठ दिवस सांगत होता. झाले! त्याच्या बोटावर झाले!

गोंगाट ऐकून केंद्राध्यक्ष सुलक्षणा मॅडम उठून आल्या. मूळच्या पिंपळनेरच्या, पेशानं शिक्षिका. त्यांच्या मागोमाग पोलीसही आला.

"मॅडम, माझं देशावर अत्यंत प्रेम आहे," हेमराजनं सुरुवात केली.

"ते सगळ्यांचंच असतं," मॅडम म्हणाल्या. "बोटाचं सांग."

हेमराजची एक सवय होती. भाषण करताना तो पुस्तकी बोले, पण घाबरला की भाषा धावत घरी येई. "मॅडम, देवनी आन! मी मतदान करेल नई शे! हाऊ बिब्बा शे, बिब्बा! व्हिडिओसाठे लायेल शे!"

"बिब्बा?" झुलालभाऊ हसले. "मॅडम, कोणी शहाणा माणूस स्वतःच्या बोटाला बिब्बा लावेल का?"

"कदापि नाही!" बन्सीलाल म्हणाले.

हेमराज खरं बोलत होता, पण ते खरं इतकं येडपटपणाचं होतं की त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसेना. पोलिसानं त्याला भिंतीपाशी उभं केलं. "दुबार मतदान म्हणजे गुन्हा असतो," तो सहज सांगावं तसं म्हणाला. लोक येत होते, मत देऊन जात होते, आणि जाताना त्याच्याकडे बघत होते. हेमराजच्या डोळ्यांत पाणी आलं. तुरुंगाची भीती होतीच. पण त्याहून मोठं दुःख हे की पहिलं मत हातचं जात होतं. डिंपलचंच खरं होणार होतं. तो नुसता बोलला होता!

आणि बायकांच्या रांगेतून ताईबाई आत आली. भिंतीपाशी भाचा, शेजारी पोलीस. तिनं काही न विचारता त्याचा हात ओढला, बोट नाकाशी नेलं आणि हुंगलं.

"बिब्बा!" ती कडाडली. "मी सकायफाईन डबा धुंडी राहिनू! मना डबाम्हाईन चोरेल शे यानी!" मग मॅडमकडे वळून म्हणाली, "माय, चाळीस वरीसफाईन मी शाई लाई राहिनू. शाई लाईसन बोट सुजस का कव्हय?"

सुलक्षणा मॅडमनी बोट जवळून पाहिलं. सुजलेल्या कातडीवर बारीक फोड उठू लागले होते. "आमची आईपण टाचांना लावायची," त्या म्हणाल्या. मग त्यांनी नोंदवही पाहिली. हेमराजच्या नावापुढे सही नव्हती. "हा रांगेत कधीपासून होता?"

"सहा वाजेफाईन मना मांगे," दाराबाहेर ओट्यावर टेकलेल्या तोताराम आबांनी तिथूनच सांगितलं. "आनि बोली बोलीसन कान खाई गया."

मॅडम दोन्ही प्रतिनिधींकडे वळल्या. "शाईची बाटली सातनंतरच उघडली. हा सहापासून इथं. फोड शाईनं येत नाहीत. अजून हरकत आहे?"

बन्सीलालनी झुलालभाऊंकडे पाहिलं. "मला नाही," ते म्हणाले. "मग मला आहे!" झुलालभाऊ सवयीनं म्हणून गेले, पण मॅडमनी डोळे वटारताच खाली बसले. देशातली एकी संपली.

"तर्जनीला शाई लावायला जागाच नाही," मॅडम म्हणाल्या. "शेजारच्या बोटाला लावा. आणि बाळ, यापुढे आधी मत दे, मग सांगत सूट."

हेमराज पुठ्ठ्याच्या आडोशामागे गेला. तिथं तो, मशीन आणि बटणं. टाळ्या वाजवायला कोणी नव्हतं, उलट बोलायला कोणी नव्हतं. आठ दिवसांत पहिल्यांदाच तो गप्प उभा राहिला. दारापुढची तुंबलेली गटारही का कोण जाणे आठवून गेली. मग त्यानं उजव्या हातानं बटण दाबलं. लांबलचक पीऽऽऽ वाजलं आणि त्याचा ऊर खरोखर भरून आला. हे त्यानं कोणाला सांगितलं नाही.

बाहेर बराच लांब, तहसीलवाल्यांनी फोटोसाठी एक कमान उभी केली होती. समाधान मोबाईल घेऊन सज्ज होता. ताईबाई तर्जनी उंचावून उभी राहिली. हेमराजनंही हात वर केला आणि त्याच्या लक्षात आलं की शाई मधल्या बोटाला आहे, आणि ते बोट एकटं वर करून जगाच्या पाठीवर कुठंही फोटो काढता येत नाही!

"दाखाड ना बोट!" ताईबाई म्हणाली. "लाजस काय?"

दोन बोटं दाखवावी, तर शेजारचं वांगं सरळ होईना. त्यानं पाचही बोटं पसरून पंजा वर केला. चहाला बाहेर आलेले बन्सीलाल तिकडून ओरडले, "ए! पक्षाचं चिन्ह दाखवतोय! आचारसंहिता!"

हेमराजनं हात खिशात घातला. तसाच फोटो निघाला. फुईचं बोट वर, भाच्याचा हात खिशात.

समाधाननं तोही टाकला. दोन मिनिटांत डिंपलचा निरोप आला, "हात खिशात का? आणि तो व्हिडिओ संध्याकाळचा वाटतो. खरं सांग, मतदान केलंस की नाही?"

खोटं मत चारशे बारा लोकांनी पाहून खरं मानलं होतं. खऱ्यावर कोणाचा विश्वास नव्हता! हेमराज लांबलचक उत्तर लिहायला बसला, दोन शब्द लिहिले, पुसले आणि मोबाईल खिशात टाकला.

घरी जाताना ताईबाईनं विचारलं, "मत दिधं ना?"

"दिधं."

"कोनले?"

हेमराजनं भाषणासाठी तोंड उघडलं आणि मिटलं. "ते मनी आनि मशीननी गोट शे, फुई."

ताईबाई थांबली. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"शिकना रे भो. आते मना तीन बिब्बा भरी दे."